हातांच्या भाषेचें व्याकरण

नांदेड आणि लातूर हे जिल्हे म्हणजे भाषांचा संगम. देगलूर-बिलोलीकडे तेलुगु कानांवर पडते, उदगीरकडे कानडी, आणि दखनी उर्दू तर पेठापेठांतून. तरीहि बाजारांत पूर्वीं सौदा ठरे तो पुष्कळदां यांपैकीं कोणत्याच भाषेंत नव्हे. उपरण्याखालीं हात घालून व्यापारी आणि अडत्या एकमेकांचीं बोटें दाबीत, आणि जवळच उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. हत्ता पद्धत ती हीच. उघड लिलावापुढें ती मागें पडली, हें बरेंच झालें.

पण बोटांनीं आंकडा सांगणें म्हणजे बोलणें नव्हे. करपल्लवी ही त्याहून वरची विद्या. तींत हाताच्या आकृतीनें अक्षरांचा वर्ग दाखवावयाचा, बोटांच्या संख्येनें त्या वर्गांतील अक्षर, आणि मग काना-मात्रा. हाताचें कमळ करून तीन बोटें दाखविलीं कीं 'ग' झाला. कसब मोठें खरें. तथापि ती हातानें लिहिलेली मराठीच.

कर्णबधिरांची भारतीय सांकेतिक भाषा या दोहोंहून निराळी आहे. तिला स्वतःचें व्याकरण आहे. आपल्या कोण, कोठें, किती या शब्दांत 'क' जें काम करतो, तें तेथें प्रश्नाची एकच खूण करते. चेहऱ्याच्या खुणेस ती जोडली कीं 'कोण', जागेच्या खुणेस जोडली कीं 'कोठें', संख्येच्या खुणेस जोडली कीं 'किती'. ही खूण वाक्याच्या शेवटीं येते. नकारहि शेवटींच येतो. आपल्या 'जात नाहीं'शीं येथें तिचें सख्य दिसतें. क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहींत. 'काल' किंवा 'उद्यां' आरंभींच सांगून टाकावयाचें. विभक्तीचें काम तर हाताची दिशा करते. 'मी तुला देतों' म्हणतांना देण्याची खूण माझ्याकडून तुझ्याकडे जाते. ती उलट फिरविली कीं देणारा तूं आणि घेणारा मी. प्रथमा आणि चतुर्थी एका हालचालींत उरकल्या!

असें असतां हिला भाषा मानावयास जगानें फार उशीर केला. १८८० सालीं मिलान येथील शिक्षकांच्या परिषदेनें खुणा सोडून तोंडी भाषणानेंच शिकवावें असें ठरविलें. त्याच दशकांत बिशप म्यूरिन यांच्या पुढाकारानें मुंबईस बहिऱ्यामुक्यांची संस्था निघाली. पुढें आपल्याकडील बहुतेक शाळांतहि हेंच वळण पडलें: ओठ वाचा, हात आवरा. खुणेचेहि हाताचा आकार, जागा व हालचाल असे घटक पाडतां येतात, हें अमेरिकेंत विल्यम स्टोको यांनीं दाखविलें तें १९६० सालीं. त्यानंतर मदन वसिष्ठ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणा ताडून पाहिल्या, तों सुमारें ७५ टक्के खुणा एकमेकींच्या नात्यांतल्या निघाल्या. वर्गांत जिला थारा नव्हता ती भाषा वसतिगृहांत आणि मधल्या सुटींत वाढली, असें मला वाटतें.

बहुतेक कर्णबधिर मुलें ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटीं जन्मतात. म्हणून मातृभाषा आईकडून मिळते हा नियम येथें लागूं पडत नाहीं. कंधार किंवा औसा तालुक्यांतील खेड्यांत अशा मुलाला दुसरा कर्णबधिर भेटेपर्यंत घरगुती खुणांवरच भागवावें लागतें, आणि भाषा शिकण्याचीं पहिलीं चार-पांच वर्षें तशींच निघून जातात. दिल्लीस २०१५ सालीं भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झालें. त्याच्या कोशांत २०१८ सालीं ३,००० शब्द होते, २०२१ सालीं १०,००० झाले. हा कोश चित्रफितींचा आहे. तो आईलाहि घरीं बसून पाहतां येतो.