मास्ट पेशींचे पृष्ठग्राही

ॲलर्जीचा दोष आपण परागकण, शेंगदाणा किंवा मधमाशीच्या विषाला देतो. पण प्रतिक्रिया होणार की नाही, हे बरेचसे मास्ट पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही ठरवतात. १९६६ मध्ये इशिझाका दांपत्याने आयजीई हे प्रतिपिंड ओळखले. ते एफसी-एप्सिलॉन-आरआय या ग्राहीला घट्ट चिकटून राहते, आणि नुसते चिकटल्याने पेशीतील हिस्टामिनच्या कणिका फुटत नाहीत. एकाच प्रतिजनाने शेजारचे दोन-तीन प्रतिपिंड जोडले, ग्राही एकत्र ओढले गेले, की लिन व सिक ही विकरे जागी होतात, पेशीतील कॅल्शियम वाढते आणि काही मिनिटांत हिस्टामिन बाहेर पडते.

यावर रास्त आक्षेप असा, की काही औषधांच्या पहिल्याच मात्रेला, आयजीई नसतानाही, अशी प्रतिक्रिया येते. मात्र त्यामुळे ग्राहींचे महत्त्व घटत नाही, उलट वाढते: सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधे एमआरजीपीआरएक्स२ हा वेगळाच ग्राही थेट चेतवतात, हे २०१५ मध्ये दिसून आले. म्हणून आयजीईची चाचणी नकारात्मक आली, तरी रुग्णाची तक्रार खोटी ठरवू नये. शिवाय सिग्लेक-८ सारखे ग्राही पेशीला आवरतातही. ग्राहींचे महत्त्व उपचारातही दिसते: ओमॅलिझुमॅब हे औषध रक्तातील मोकळे आयजीई बांधते. त्यानंतर मास्ट पेशींवरील आयजीई-ग्राहींची संख्याही घटते.