फासे, गवत आणि तणमोर

१/ कारंजा लाडजवळचे सोहोळ काळवीट अभयारण्य म्हणजे गवताळ रान. वऱ्हाडात अशी कितीतरी रानं महसुली दप्तरात मात्र ‘पडीक’ म्हणूनच नोंदली गेली.

२/ या ‘पडीक’ रानाचे खरे जाणकार फासेपारधी. तित्तिर कुठे उतरतो, लाव्हा कुठे अंडी घालतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे. फासा लावायचा तर पाखराची वाट आधी ओळखावी लागते.

३/ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच गुन्हेगार ठरवण्याची प्रथा रूढ केली. पारध्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ मध्ये कायदा गेला. संशय गेला नाही.

४/ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. वन्यजीवांसाठी ते आवश्यकच होते. पण आधी माणूस गुन्हेगार ठरला होता, आता त्याची उपजीविकाही ठरली. पर्याय कोणी दिला नाही.

५/ कारंजातील ‘संवेदना’ या संस्थेने वेगळी वाट धरली. अकोला जिल्ह्यातील वडाळा येथील पारध्यांनी गवताळ माळ राखायला घेतला: शिकारबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईवर निर्बंध. जपायचे होते ते तणमोराचे घर.

६/ तणमोर गवतातच वीण करतो; पावसाळ्यात नर गवतावरून उंच उड्या मारून मादीला बोलावतो. आज हा पक्षी जगात अतिसंकटग्रस्त आहे. गवत उरले नाही, तर तो नाचणार कुठे?

७/ ज्यांच्या फाशांची पाखरांना भीती होती, त्यांच्याच नजरेवर आज पाखरांची भिस्त आहे. इतिहासाने पुसू पाहिलेले ज्ञानच संवर्धनाच्या कामी आले.