प्रवेशअर्जातील एक प्रश्न

अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांत अर्ज करणारे बारावीचे विद्यार्थी आपल्याकडेही आता भेटतात. त्या अर्जात गुण तर भरायचे असतातच. शिवाय स्वतःविषयीचा निबंध, छंदांची व खेळांची यादी, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि कोठे कोठे मुलाखतही. शिफारसपत्र मागायला विद्यार्थी समोर उभा राहिला की शिक्षकाला साहजिकच प्रश्न पडतो : गुणपत्रिका हातात असताना हा बाकीचा खटाटोप कशासाठी? ‘सर्वांगीण व्यक्तिमत्त्व पाहण्यासाठी’ हे ठरलेले उत्तर. ते खोटे नाही. पण ही पद्धत मुळात आली कशी, हे पाहू लागलो तर आपल्या हाती वेगळेच काही लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या संस्थांत प्रवेशाची रीत साधी होती. प्रवेशपरीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झाले की आत जायचे. १९०० साली काही संस्थांनी मिळून कॉलेज बोर्ड स्थापन केले. त्याच्या १९०१ मधील पहिल्या परीक्षेला ९७३ विद्यार्थी बसले. लॅटिनसारख्या विषयांची चांगली तयारी करून घेणाऱ्या शाळा बहुधा सधन घरांतील मुलांच्या असत. त्यामुळे दार उघडे असले तरी त्यातून कोण आत येणार, हे बरेचसे ठरल्यासारखे होते.

पुढे हे गणित बदलले. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुले सरकारी शाळांत शिकून याच परीक्षा उत्तीर्ण होऊ लागली. हार्वर्डमध्ये १९०० साली ज्यू विद्यार्थी शेकडा ७ होते; १९२२ पर्यंत ते शेकडा २१ च्या वर गेले. अध्यक्ष लॉरेन्स लोवेल यांनी त्या वर्षी उघडपणे मर्यादा घालण्याचे सुचवले. त्यावर मोठा गहजब झाला आणि १९२३ साली प्राध्यापकांच्या समितीने ही सूचना फेटाळली.

गोष्ट येथे संपायला हवी होती. पण १९२२ मध्येच हार्वर्डच्या अर्जात काही नवे प्रश्न आले होते : वंश व वर्ण कोणता, धर्म कोणता, आईचे माहेरचे नाव काय, वडिलांचा जन्म कोठला. आणि आणखी एक : जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय? हा प्रश्न विद्यार्थ्याच्या बुद्धीविषयी काहीच विचारत नाही. तो कशासाठी होता, हे वेगळे सांगायला नको.

१९२५ पर्यंत ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण शेकडा २७ वर पोचले. १९२६ साली हार्वर्डने पहिल्या वर्षाच्या जागा सुमारे १००० वर आणल्या, निवडीत ‘चारित्र्या’ला वजन दिले आणि अर्जासोबत छायाचित्र मागितले. चारित्र्य मोजण्याची पट्टी कोणती, हे कोठेही लिहिलेले नव्हते, आणि ते न लिहिणेच सोयीचे होते. थोड्याच काळात प्रमाण शेकडा १५ च्या आसपास उतरले. ‘कोटा’ हा शब्द मात्र नियमात कोठेच नव्हता. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकते माप देण्याची चालही याच काळात पक्की झाली.

याची झळ कोणाला लागली? रिचर्ड फाइनमन यांना कोलंबिया विद्यापीठाने ज्यूंच्या कोट्यामुळे नाकारले. १९३५ साली ते एमआयटीत गेले. पुढे पीएच.डी.साठी प्रिन्स्टनचा विचार चालू असताना तेथील भौतिकशास्त्र विभागप्रमुखांनी, हा विद्यार्थी ज्यू आहे काय, अशी पत्राने विचारणा केली. एमआयटीच्या प्राध्यापकांना त्याच्या भौतिकशास्त्राबरोबर त्याच्या धर्माविषयीही खुलासा करावा लागला. १९६५ साली फाइनमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मग केवळ परीक्षाच बरी, असे म्हणावे काय? त्याही गोष्टीला दुसरी बाजू आहे. सॅट ही चाचणी २३ जून १९२६ रोजी प्रथम झाली. तिचे कर्ते कार्ल ब्रिगॅम यांनी १९२३ साली बुद्धिमापनाच्या आधारे वंशावंशांत उच्चनीच ठरवणारे पुस्तक लिहिले होते. १९३० साली त्यांनी स्वतःच ते निष्कर्ष निराधार असल्याचे मान्य केले. हार्वर्डचे पुढचे अध्यक्ष, रसायनशास्त्रज्ञ जेम्स कोनंट यांनी मात्र हीच चाचणी दूरदूरच्या शाळांतील हुशार मुलांना शिष्यवृत्ती देण्यासाठी वापरली. साधन एकच, वापरणाऱ्याचा हेतू बदलला.

हा वाद अजून मिटलेला नाही. हार्वर्डवरील खटल्यात उघड झालेल्या माहितीप्रमाणे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश अर्जदारांना प्रवेश मिळे, तर इतरांपैकी शेकडा सहांच्या आसपास. आशियाई वंशाच्या अर्जदारांना (त्यांत तेथील भारतीय घरांतील मुलेही आली) अभ्यासात वरचे गुण असूनही ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण सरासरीने कमी पडत. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे बेकायदा ठरवले. निबंध, शिफारसपत्रे आणि व्यक्तिमत्त्वाचे गुण मात्र राहिले. कोविडकाळात ऐच्छिक केलेली चाचणी एमआयटीने २०२२ साली, तर डार्टमथ व हार्वर्ड यांनी २०२४ साली पुन्हा आवश्यक केली. साधनसंपन्न नसलेल्या शाळांतील गुणी मुले ओळखायला तिची मदत होते, असे एमआयटी आणि डार्टमथ यांचे म्हणणे.

या इतिहासातून आपण शिक्षकांनी दोन गोष्टी घ्याव्यात असे आम्हांस वाटते. शिफारसपत्रात ‘उत्तम चारित्र्याचा, होतकरू’ अशी विशेषणे लिहिण्याऐवजी पाहिलेले लिहावे : प्रयोग फसल्यावर त्याने काय केले, कोणता प्रश्न विचारून तिने वर्गाला थांबवले. मोघम शब्दाचा अर्थ वाचणारा आपल्या सोयीने लावतो. घडलेल्या गोष्टीशी तसे खेळता येत नाही. दुसरी गोष्ट नकाराची. नकाराचे पत्र आले की सतरा वर्षांचे मूल त्याला आपल्या बुद्धीचे मोजमाप समजते. अशा वेळी त्याला जवळ बसवून १९२२ च्या अर्जातला तो नावबदलाचा प्रश्न सांगावा. त्या वर्षी त्या संस्थेला कोण हवे होते, एवढेच त्या पत्रातून कळते.