जानवे : धर्मचिन्ह की कुलचिन्ह?

धर्माची व्याख्या काय, हा प्रश्न आपण सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला शिकतो आणि बहुधा तेथेच ठेवून येतो. १६१९ साली गोव्यात तो एका सुताच्या धाग्यावरून निर्णयास आला होता.

येशूसंघीय रोबेर्तो दे नोबिली १६०६ मध्ये मदुराईस पोहोचले. त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेणाऱ्या ब्राह्मणांना जानवे, शेंडी, गंध व स्नानाचा आचार सोडावा लागत नसे. ही मूर्तिपूजेशी तडजोड होय, असा आक्षेप त्यांच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्याने घेतला. नोबिलींनी १६१३ मध्ये लॅटिन भाषेत सविस्तर उत्तर लिहिले. त्यांचा युक्तिवाद असा : एकमेकांची मते खोडून काढणाऱ्या पंथांचे ब्राह्मण एकच जानवे घालतात; तेव्हा ते कोणा एका उपासनेचे चिन्ह नव्हे, सामाजिक प्रतिष्ठेचे आहे. मूळ हेतू लौकिक असेल, तर त्यास चिकटलेली अंधश्रद्धा वेगळी काढता येते.

गोव्याच्या सभेत बहुमत त्यांच्या विरुद्ध गेले. परंतु ३१ जानेवारी १६२३ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी अटी घालून या चिन्हांना अनुमती दिली.

हा तर्क मला एकेकाळी बिनतोड वाटे. पण मुंजीत बटूला जानव्याबरोबर गायत्री मंत्रही मिळतो. हा संस्कार लौकिक की धार्मिक, असे मदुराईच्या एखाद्या पंडितास विचारले असते, तर त्यास प्रश्नच चमत्कारिक वाटला असता. ‘धर्म’ या शब्दात उपासना, आचार, वर्णाचे कर्तव्य, सारेच येते. ती फाळणी युरोपीय विचाराने केली होती, आणि तिची किंमत लहान नव्हती. जानवे केवळ सामाजिक ठरले, की ज्या भेदाचे ते चिन्ह तो भेदही सामाजिकच, म्हणजे सुवार्तेने हात न लावण्याजोगा, ठरू लागतो. पोपमहोदयांच्या त्याच आदेशात, कुलीनांनी खालच्या मानलेल्यांना तुच्छ लेखू नये, असे कळकळीचे आर्जव आहे. रोममध्ये कोणास तरी हा धोका दिसला असावा.

तरीही १६४० पासून मदुराई मिशनमध्ये उच्च जातींसाठी एक व इतरांसाठी दुसरे, असे वेगळ्या वेषाचे धर्मगुरू होते. पुढे १७०४ मध्ये पाँडिचेरी येथे पोपचे प्रतिनिधी तूर्नों यांनी जो हुकूम काढला, त्यात आजारी परियाच्या घरी जाऊन संस्कार देण्यास धर्मगुरूने नकार देऊ नये, असे एक कलम घालावे लागले.