डोळ्यांची साथ आणि लुळे पाय

2023 च्या पावसाळ्यात आळंदी आणि पिंपरी-चिंचवड भागातल्या शाळांत डोळ्यांची साथ आली होती, ती अनेक शिक्षकांना आठवत असेल. मुलांना काही दिवस घरी ठेवले आणि विषय संपला. 1971 साली मुंबईत मात्र तो तेवढ्यावर संपला नाही.

त्या साथीत डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त साकळे आणि आठवड्याभरात सारे ओसरे. बांगलादेशाच्या मुक्तिलढ्याचे ते दिवस, म्हणून साथीला ‘जय बांगला’ हे नाव पडले. (घानात 1969 साली हीच साथ आली तेव्हा माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता. तिकडे ती ‘अपोलो’ झाली!) पण साथीमागोमाग मुंबईच्या रुग्णालयांत वेगळेच रुग्ण येऊ लागले. धडधाकट प्रौढ माणसे, कंबरेत व पायांत कळा, आणि मग पाय लुळे. एक पाय जास्त, एक कमी. मांडीचे स्नायू विशेष दुर्बल. गुडघ्याखाली हातोडी मारली तरी पाय उडत नसे. टाचणी टोचलेली मात्र बहुधा कळत असे.

हे चित्र पोलिओचे. पण पोलिओ मुख्यतः लहान मुलांना गाठतो. मग ही मोठी माणसे कशी? डॉ. नोशीर वाडिया यांनी 1957 साली जे. जे. रुग्णालयात चेतारोग विभाग सुरू केला होता. ते आणि त्यांचे सहकारी इराणी व कात्रक यांनी या रुग्णांचा संबंध काही दिवस ते काही आठवडे आधी येऊन गेलेल्या डोळ्यांशी जोडला आणि 1972 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला. त्याच वर्षी भरुचा आणि मोंडकर यांनीही असेच रुग्ण नोंदवले.

संबंध जोडणे वेगळे आणि तो सिद्ध करणे वेगळे. पहिला प्रश्न, बिघाड नेमका कुठे? मज्जारज्जूतल्या प्रेरक चेतापेशी स्नायूंना हुकूम देतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण विजेने त्यांची चौकशी करता येते. चेतेला त्वचेवरून हलका विद्युत झटका देऊन संदेश किती वेगाने गेला ते मोजतात. हाताच्या निरोगी चेतेत हा वेग सेकंदाला 50 मीटरच्या आसपास असतो. प्रेरक चेतापेशी मेल्या असतील तर उरलेल्या तंतूंतला वेग फारसा घटत नाही, स्नायूचा प्रतिसाद तेवढा लहान होतो. संवेदी तंतूंची नोंद सहसा चांगलीच राहते. मग स्नायूत बारीक सुई घालतात. 1929 साली एड्रियन आणि ब्रॉंक यांनी तयार केलेल्या सुईचाच हा वारसा. निरोगी स्नायू विश्रांतीत शांत असतो. चेतापेशी गमावलेला स्नायू दोन-तीन आठवड्यांनी आपोआप बारीक थरथरू लागतो.

यातून जागा कळते, गुन्हेगार कळत नाही. पोलिओत, या मुंबईच्या आजारात आणि चेतापेशी हळूहळू झिजवणाऱ्या मोटर न्यूरॉन रोगात सुई पुष्कळशी एकाच भाषेत बोलते.

गुन्हेगारासाठी रक्ताकडे वळावे लागले. जपानमधल्या साथीतून रेसाकु कोनो यांच्या गटाने नवा विषाणू वेगळा केला होता. तो पोलिओच्याच कुळातला. पुढे त्याला एंटेरोव्हायरस 70 म्हटले गेले. मुंबईच्या रुग्णांचे रक्तजल या विषाणूशी ताडून पाहिले गेले. ही परीक्षा वर्गात फळ्यावर सहज समजावता येते. विषाणू आणि रक्तजल एकत्र करून पेशींवर घालायचे. रक्तजलात त्याविरुद्धची प्रतिपिंडे असली तर पेशी जगतात, नसली तर मरतात. रक्तजल दुप्पट, चौपट, आठपट पातळ करत नेले की प्रतिपिंडे किती, तेही कळते.

पण इथे एक मेख आहे, आणि मला सगळ्यात मोलाची तीच वाटते. शहरात असंख्य लोकांचे डोळे आलेले! प्रतिपिंडे त्या सगळ्यांच्याच रक्तात असणार. म्हणून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातही ती शोधणे महत्त्वाचे ठरले. कोनो आणि मुंबईचे डॉक्टर यांचा एकत्रित निबंध 1974 साली प्रसिद्ध झाला. 1981 साली मुंबईत साथ पुन्हा आली, तेव्हा कारण अंधारात नव्हते.

शार्को यांनी 1869 पासून वर्णन केलेल्या खऱ्या मोटर न्यूरॉन रोगात रक्त इतके उपयोगी पडलेले नाही. तिथे बाहेरून आलेला, ओळख पटवता येईल असा शत्रू नाही. रक्ततपासणी मुख्यतः दुसरे, बरे होऊ शकणारे आजार वगळायला करतात. अलीकडे न्यूरोफिलामेंट हे प्रथिन रक्तात मोजता येते. चेतातंतूचा आतला सांगाडा याचा असतो. तंतू मोडले की ते झिरपत रक्तात येते. पण पक्षाघातात किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही ते वाढते. घर पडले एवढे विटा सांगतात, कोणी पाडले ते नाही.

तरीही 2023 साली अमेरिकेत टोफर्सन या औषधाला सशर्त मान्यता मिळाली, ती मुख्यतः हेच प्रथिन रक्तात घटल्याच्या आधारावर. ते औषध एसओडी1 या जनुकात बिघाड असलेल्या थोड्या रुग्णांपुरते आहे. बाकीच्यांचे निदान आजही डॉक्टरची हातोडी, सुईची नोंद आणि काही महिन्यांची वाट पाहणे यांवरच ठरते.