चांगदेवांचा वाघ आणि आपला कांदा

गेल्या वीकेंडला पुणतांब्याला मामाकडे गेलो होतो. तिथे चांगदेवांची समाधी आहे. गोष्ट माहीत असेलच. चौदाशे वर्षांचे योगी वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले आणि समोरून भिंतच चालत आली. समाधीपाशी बसून मला मात्र आपलं परराष्ट्र धोरण आठवत होतं. (काय करणार, सवय!)

'आम्ही जगावेगळे, जगाला देणारे' ही भाषा आजची नाही. नेहरूंच्या काळात आपण जगाला नीती शिकवत होतो आणि १९५६ पासून पीएल-४८० खाली अमेरिकेचा गहू मागवत होतो. १९६६ मध्ये धान्याची आयात सुमारे १ कोटी टनांवर गेली. त्यात व्हिएतनामवरून आपण अमेरिकेला चार शब्द सुनावले. शेती धोरण बदला म्हणून जॉन्सनसाहेब मागे लागले होतेच, ते आणखी चिडले आणि जहाजं मोजून-मापून सोडू लागले. १९७२ च्या दुष्काळात परदेशी मिलो आला. त्याचं नाव काढलं की आजी अजून तोंड वाकडं करते.

पुढे हरितक्रांतीने कोठारं भरली आणि वाघ परत निघाला. १२ एप्रिल २०२२ ला पंतप्रधान म्हणाले, जागतिक व्यापार संघटनेने परवानगी दिली तर भारत उद्यापासून जगाला अन्न पुरवायला तयार आहे. १३ मे ला गव्हाची निर्यात बंद! उन्हाळा कडक होता, गहू कमी आला, हे मान्य. पण आमच्याकडे सेल्सवाला डेव्हलपरला न विचारता क्लायंटला शब्द देतो, त्यातलाच हा प्रकार.

कांद्याचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी झाली. पुढच्याच महिन्यात दिल्लीत शेख हसीना हसत म्हणाल्या की मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस म्हणून सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. शेजारी आधी म्हणे!

८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा तेच. मामा म्हणाला, "उन्हाळी कांदा असता तर चाळीत ठेवला असता रे. हा लाल, टिकत नाही. मिळेल त्या भावाने द्यायचा." बंदी उठली मे २०२४ मध्ये, तीही ४० टक्के निर्यातशुल्क लावून.

१ जून २०१७ चा शेतकरी संप ह्याच गावातून सुरू झाला होता. मामा त्यात होता. विश्वगुरू वगैरे भाषणं तो टीव्हीवर आवडीने ऐकतो, टाळ्याही वाजवतो. मी विचारलं, "मग कांद्याचं काय?" तो म्हणाला, "ते वेगळं." आणि चहा सांगायला आत गेला.