टमाटरावरील बोकड्या : एका रोगाची जुनी कहाणी



टमाटराचं झाड वाढता वाढता खुजं राहतं, पानं आकसून वर वळतात, शेंड्याला बारीक पानांचा गुच्छ होतो अन् फळ धरत नाही. आपण म्हणतो, बोकड्या आला. पुस्तकात याला पर्णगुच्छ म्हणतात. औषधाच्या दुकानाकडे धावण्याआधी या रोगाची कहाणी वाचा. उपाय तिच्यातच आहे.

झाडावर बुरशी नाही, अळी नाही. मग रोग आला कुठून? १९४८ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील वासुदेव आणि सॅम राज या शास्त्रज्ञांनी या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मूळ आहे विषाणू, आणि त्याला झाडोझाडी नेते पांढरी माशी. ही माशी १८८९ साली ग्रीस देशात तंबाखूवर नोंदली गेली होती. आपण तिला ओळखतो ती पऱ्हाटीवरून. म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माशीचं माहेर वावरातच आहे! रोगट झाडाचा रस शोषताना विषाणू तिच्या पोटात जातो. काही तासांनी ती चांगल्या झाडाला रोग देऊ लागते, अन् पुढे बहुधा मरेपर्यंत देत राहते.

२०२० साली पुणे, नाशिक, अहमदनगर, सातारा भागात फळं एकसारखी पिकेनात. लोकांनी नाव दिलं ‘तिरंगा’. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या तपासणीत विषाणूच सापडले. त्यांतला एक मावा पसरवतो, एक पांढरी माशी. असं टमाटर खाल्ल्यानं माणसाला रोग होतो ही अफवाही उठली. ती खोटी होती. वनस्पतीचा हा विषाणू माणसाला लागत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. विषाणू मारणारं फवारणीचं औषध नाही. फवारा मारतो तो माशीला. रोग लागलेलं झाड त्यानं सुधारत नाही. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ते विसरू नका.

म्हणून आधीच सावध व्हा. रोपं बारीक नायलॉन जाळीखाली वाढवा. पऱ्हाटी अन् वांग्याच्या शेजारी लागवड टाळा. लागवडीआधी कडेनं मक्याच्या दोन-तीन ओळी पेरा. पिवळे चिकट सापळे लावा. पहिलं रोगट झाड दिसताच उपटून गाडा, जीव तुटला तरी. २०१० साली बंगळूरच्याच संस्थेनं दिलेल्या ‘अर्का रक्षक’सारख्या, रोगाला तोंड देणाऱ्या वाणाची चौकशी करा. फवारणी करावीच लागली तर कृषी सहाय्यकाला विचारून, एकच औषध, योग्य मात्रेत. तोंडाला मास्क, हातात मोजे, वाऱ्याकडे पाठ करून.

झाड गेलं तर पुढच्या हंगामी पुन्हा लावता येतं. घरचा माणूस गेला तर येत नाही.